सांगानेरला शिकलेली फुंकर

जयपूरला जाऊन, चांगले तीन आठवडे राहून, हवामहाल न बघता परत आलेली अमरावतीतली पहिली बाई मीच असेन. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, आमेरचा किल्ला पाहिला का? हत्ती पाहिले का? लाखेच्या बांगड्या आणल्या का? बांगड्या आणल्या. बाकीचं काही पाहिलं नाही. मी तिकडे बासरी शिकत होते, तीही जपानी, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच माझ्या तब्येतीची चौकशी करतो. एकेकाला सगळं सांगत बसायचा आता कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मालवीय नगर, दुसरा मजला

मी गेले होते दादाकडे. दादा माझा थोरला भाऊ. रेल्वेत गार्ड होता, बदल्या होत होत जयपूरला पोचला आणि निवृत्त झाल्यावर तिथंच घर घेऊन राहिला. गेल्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात बरेच दिवस काढले. फुप्फुसं आता बरी आहेत, डॉक्टर म्हणतात हिंडाफिरायला लागा, मोठे श्वास घ्या. पण दादानं बाल्कनीतली एक खुर्ची धरली ती धरलीच. मोठा श्वास घेतला की खोकला येतो, खोकला आला की त्याला ते दवाखान्यातले दिवस आठवतात, म्हणून तो वरच्यावर इवले इवले श्वास घेतो आणि दोन-दोन शब्दांत बोलतो. श्वास ओढून निळे गोळे वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र त्यानं शोकेसमध्ये, रेल्वेनं दिलेल्या घड्याळाशेजारी ठेवून दिलं होतं. जिना उतरला होता तो फक्त दवाखान्यात जाण्यासाठी.

हे सगळं मला सुनंदावहिनीनं फोनवर सांगितलं होतं. फोनवर सांगितली नव्हती ती एकच गोष्ट मला पहिल्याच दिवशी जेवताना कळली. त्यांची मुलगी पुण्याला असते आणि तिला जूनमध्ये बाळ होणार आहे. मी सहज म्हटलं, "दादा, मग जूनची तिकिटं काढली की नाही?"

"असलो तर. पाहू," दादा म्हणाला आणि वरणभात कालवू लागला.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. हे त्याचं हल्ली पालुपदच झालं होतं. वर्तमानपत्रवाला वर्षाचे पैसे मागायला आला तरी हेच, होळीला गावी येशील का विचारलं तरी हेच. जन्मभर गाड्या वेळेवर सोडणारा माणूस, आता पुढच्या महिन्याचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघायचा. मला इतका राग आला! रडूही आलं, पण राग जास्त आला. मी ठरवलं, या गृहस्थाला खुर्चीतून उठवल्याशिवाय मी काही परतीच्या गाडीत बसत नाही. तिकीट रद्द करावं लागलं तर करीन.

तिथं जानेवारीतली थंडी आपल्यासारखी नाही. आपल्याकडे सकाळी शाल घेतली, नऊ वाजता काढली, झालं. तिथं हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि ऊन आलं की अख्खी गल्ली गच्चीवर. बायका मटार सोलतात, पुरुष पेपर वाचतात, मुलं पतंगांच्या मागे. एकटा आमचा दादाच बाल्कनीच्या सावलीत, कानटोपी घालून.

सांगानेर

चार दिवस बोलून, रागावून, अबोला धरून झालं. दादा ढिम्म. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाली, "चला ताई, तुम्हाला सांगानेरला नेते. चादरी बघा. मतलब तेवढाच तुमचा मूड तरी ठीक होईल."

सांगानेर म्हणजे छापील कापडांचं गाव, मालवीय नगरहून ऑटोनं फार लांब नाही. एका छापखान्यात शिरलो. खाली लांबलचक टेबलं, त्यावर ताणलेलं कापड, आणि लाकडी ठसा रंगात बुडवून ठक् ठक् मारत जाणारी माणसं. मी एका निळ्या चादरीचा भाव करत होते, तेवढ्यात वरून एक आवाज आला. बासरीच, पण आपल्या बासरीसारखी गोड नाही. खोल, जराशी घोगरी, आणि सुरात निम्मी नुसती हवाच. डोंगरातल्या गुहेशी उभं राहिलं की असं काहीतरी ऐकू येतं. भाव करायचा राहिला, मी जिना चढले.

गच्चीवर दोऱ्यांवर ओली कापडं वाळत होती आणि त्यांच्या मधोमध वेताच्या बुटक्या मोड्यावर एक बाई बसली होती. जपानी, माझ्याच वयाची, अंगावर सांगानेरी कुर्ता. हिचं नाव साचिको. ठशांची कामं शिकायला म्हणून ती पुष्कळ वर्षांपूर्वी आली आणि राहिली. आता कापडांचे नमुने काढते आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी नि शुक्रवारी, येईल त्याला ही बासरी शिकवते. हिंदी अशी बोलते की जयपूरचे लोक तिला "पधारो सा", म्हणजे या-बसा, म्हणतात आणि तीही त्यांना म्हणते.

त्या बासरीला शाकुहाची म्हणतात. जाडजूड बांबू, खालचं टोक मुळाकडचं, गाठीगाठींचं. आडवी नाही, उभी धरायची. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. वरचं तोंड उघडंच, फक्त एका बाजूनं तिरकं तासलेलं. त्या धारेवर फुंकायचं.

"सीखेंगी?" तिनं विचारलं.

माझ्या डोक्यात दिवा लागला तो तेव्हा. शोकेसमधल्या यंत्राला तोंड लावत नाही काय? ठीक. मी ही घरी नेते, त्याच्या कानाशी बसून सकाळ-संध्याकाळ बेसूर वाजवते. त्यालाच सहन होणार नाही. लहानपणी माझ्या हातातून पेटी हिसकावून "अशी वाजव" म्हणणारा तो माणूस आहे. "सीखूँगी," मी म्हटलं.

मी शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. ध्वनी हे प्रकरण दरवर्षी. हवेचा स्तंभ, कंपन, सगळं पाठ. ते सगळं ज्ञान घेऊन मी त्या धारेवर फुंकर मारली आणि नुसता फूऽऽऽ असा वारा गेला. पुन्हा फुंकलं. पुन्हा वारा. दहा मिनिटांत मला गरगरायला लागलं आणि मी वाळत घातलेल्या चादरीचा आधार घेतला. चादर हिरव्या रंगाची होती, ओली होती. पुढचं सांगत नाही.

"ज़ोर नहीं, दीदी," साचिको शांतपणे म्हणाली. "ज़ोर से सिर्फ़ चक्कर आता है।"

मग तिनं मला पाणी दिलं, बसवलं आणि आधी नुसता श्वास सोडायला शिकवलं. सगळी भोकं बंद करून जो सगळ्यात खालचा सूर निघतो त्याला रो म्हणतात. नवशिक्यानं रोज तोच एक काढायचा, बाकी काही नाही. आपल्याकडे गुरुजी पहिल्या दिवशी सा धरायला लावतात तसंच, पण आपला सा निदान निघतो तरी. विमानतळ जवळच, त्यामुळे मधूनमधून डोक्यावरून विमान घरघरत जायचं. तेवढा वेळ साचिको बासरी मांडीवर ठेवून हात जोडून बसायची, विमान गेलं की जिथं थांबली तिथून पुढे.

निघताना तिनं स्वतःची एक जुनी शाकुहाची मला सरावाला दिली. ती स्वतः शिकायला लागली तेव्हाची, पहिली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, आत एक दमट फडकं. "यहाँ की हवा बहुत सूखी है। बाँस फट जाता है। हमेशा थैली में," तिनं दोनदा बजावलं.

माझा छळ

दुसऱ्या दिवसापासून मी बाल्कनीत दादाच्या शेजारी स्टूल मांडलं. फूऽऽ. फूऽऽ. दादानं एक दिवस सहन केलं.

"काय करून राहिली वं हे?" दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. घरात आम्ही दोघं बोलायला लागलो की अमरावतीवरच येतो.

"बासरी शिकून राहिली."

"वाजत तर. नाही."

"मग तू वाजवून दाखव न. जन्मभर शिट्टी फुंकली."

मोठा डाव टाकला असं मला वाटलं. दादानं बासरी घेतली, गाल फुगवले आणि गाडी सोडायची आहे अशा थाटात फुंकर मारली. सूर तर नाहीच, खोकल्याची अशी उबळ आली की वहिनी पोळी तव्यावर टाकून धावत आली. दादा लालबुंद. पाणी पाजलं, पाठ चोळली. शांत झाल्यावर त्यानं बासरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पाहिलं न? आता मले. पुन्हा सांगू नको." वहिनी स्वयंपाकघरात गेली ती तोंडाला पदर लावून. माझी मलाच लाज वाटली. मी त्या दिवसापुरती गच्चीवर जाऊन वाजवली.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, गच्चीवर, मला पहिल्यांदा सूर लागला. अर्धा क्षण. घूं! कबुतरं उडाली. मी पुन्हा तसंच करायला गेले तर गेला. ओठ जराही इकडचे तिकडे झाले की जातो. पण तो माझ्या हातातल्या बांबूतून आला होता, बोटांना थरथर जाणवली होती. अहो, साठाव्या वर्षी मला शाळेतल्या मुलीसारखा आनंद झाला! खाली जाऊन सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही.

संक्रांत

जयपूरची संक्रांत म्हणजे आकाशात. सकाळपासून सगळं शहर गच्च्यांवर, गाणी लावलेली, आणि दर मिनिटाला "वो काटा!" अशी आरोळी. तिळगूळ घ्या, गोड बोला वगैरे नाही, एकमेकांचे पतंग कापायचे आणि मग एकत्र बसून शेवयांसारखी गोड फीणी नि तिळाचे लाडू खायचे. मी साचिकोला घरी बोलावलं होतं. वहिनीनं गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. साचिकोला तिळगूळ दिला, त्याबरोबर काय म्हणतात ते सांगितलं. तिनं ते वाक्य तीनदा म्हणून पाठ केलं आणि दादापुढे दोन्ही हातांनी वडी धरून, कमरेत वाकून म्हटलं. दादा हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा हसला.

मग चहा आला. दादा चहा नेहमी बशीतच पितो, आमच्या वडिलांसारखा. कपातून बशीत ओतला, बशी दोन्ही हातांत उचलली, तोंडाशी नेली आणि सायीला धक्का लागणार नाही अशी बारीक, लांब फुंकर घातली. चहावर बारीक लाटा उठून पलीकडच्या काठाला गेल्या.

साचिकोनं आपला कप खाली ठेवला. "भाईसाहब, एक बार फिर कीजिए।"

दादानं इकडे तिकडे पाहिलं. पुन्हा फुंकर घातली.

"यही!" ती म्हणाली. "दीदी, देखिए। यही फूँक। मैं दस दिन से आपको यही समझा रही हूँ।"

मी पाहत राहिले. खोकला नाही, दम नाही. माणूस चांगला दहा आकडे मोजावे एवढा वेळ श्वास सोडत होता आणि त्याला स्वतःला पत्ता नव्हता. साचिको गेल्यावर दादा म्हणाला, "चहा निववाले. जपानहून माणूस. यावं लागलं काय?" पण त्या संध्याकाळी त्यानं आणखी एक चहा मागितला, हे वहिनीनं मला स्वयंपाकघरात कोपरानं ढोसून सांगितलं.

चौमूं, आणि परत आल्यावर

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी वहिनीच्या मैत्रिणीकडे चौमूंला हळदीकुंकू होतं. तिचा नवरा रेल्वेतच, सीकरच्या रस्त्यावरच्या या बाजाराच्या गावी बदली झालेली. मराठी घरं त्या गावात दोनच, म्हणून तिनं सगळ्या शेजारणींना बोलावलेलं. घुंगट घेतलेल्या मारवाडी बायका हातावर अत्तर लावून घेताना काय लाजत होत्या! वाणाला तिनं चाळण्या दिल्या. एकीनं मला विचारलं, यात देवाचं काय असतं? मी म्हटलं, बायकांनी एका दिवसाला घराबाहेर पडावं, देवाला एवढं पुरतं. ती इतकी हसली की घुंगट मागे गेला.

बस उशिरानं मिळाली, घरी पोचायला चार वाजले. हात-पाय धुऊन मी सरावाला बसले आणि पिशवीतून बासरी काढली. वरच्या तोंडापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसासारखी भेग. नखानं चाचपली. खरीच होती.

तिची पहिली बासरी! दोनदा बजावलं होतं. मी सकाळी पिशवीचं तोंड नीट बांधलं नसणार, फडकं ओलं करायची विसरले असणार. वहिनी म्हणाली, ताई, मी केर काढताना हलवली होती, माझ्याच हातून काही झालं असेल. आम्ही दोघी आळीपाळीनं स्वतःला दोष देत रडत होतो.

"तू नाही केलं. हिनंही नाही," बाल्कनीतून आवाज आला. "म्या केलं."

दादा दारात उभा होता. आम्ही गेल्यावर त्यानं बासरी काढली होती. सकाळभर वाजवत होता. आतून ओली झाली, थेंब गळायला लागले. मला कळू नये म्हणून सुकवायची होती. आईनं आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, धुतलेलं भांडं पालथं आणि ओली वस्तू उन्हात. दुपारी बाल्कनीच्या कठड्यावर ऊन येतं, तिथं पापडकुरडयांना द्यावं तसं कडक ऊन त्यानं तिला दिलं. दोन तासांनी टक् असा आवाज आला म्हणे.

मला ओरडायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "वाजली?"

दादा खाली बघत होता. "एकदा," तो म्हणाला.

वहिनी रडायची थांबली. मी म्हटलं, जाऊ दे, उद्या मंगळवार, मी साचिकोला सांगते की माझ्याकडून झालं. दादा एकदम ताठ झाला. "तू कायले सांगशील? नुकसान म्या केलं. सांगाले मीच जाईन."

दुसऱ्या दिवशी दादानं इस्त्रीचा शर्ट घातला, स्वेटर घातला, बासरीची पिशवी छातीशी धरली आणि जिना उतरायला लागला. एक पायरी, थांबला. एक पायरी, थांबला. मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभा राहिला. माझा हात धरला नाही. खालचे अग्रवालजी दारात दूध घेत होते. "अरे इंगळे साहब!" एवढंच म्हणाले आणि दूध पातेल्याबाहेर सांडलं. दादानं त्यांना हात केला आणि ऑटोत बसला.

छापखान्याचा जिना बघून मात्र त्याचा चेहरा उतरला. मी साचिकोला खाली बोलवायला निघाले, तर म्हणाला, "माफी मागाले. आलो आहे. ती वर, तर मी वर." चढला. वर पोचेपर्यंत घामाघूम. मोड्यावर बसला, श्वास जुळेपर्यंत साचिको समोर बसून राहिली. मग त्यानं पिशवी तिच्या हातात दिली आणि रेल्वेत शिकलेल्या हिंदीत सांगितलं, मैंने किया, बजाई, एक बार बजी भी, फिर धूप में रखी, गलती मेरी है.

तिनं भेगेवरून बोट फिरवलं. "मुझे दुख हुआ," ती म्हणाली. सरळच म्हणाली, आपल्यासारखं "अहो, काही नाही, चालायचंच" वगैरे नाही. दादानं मान खाली घातली. ती उठली, आतून एक पक्का दोरा घेऊन आली आणि त्याचं एक टोक दादाच्या हातात दिलं. "खींचकर पकड़िए। ढीला नहीं।" दादा उभा राहिला, दोरा ताणून धरला. ती बांबू फिरवत फिरवत त्यावर वेटोळी घट्ट घालत गेली. एक पट्टा इथं, एक तिथं, एक मधे. बराच वेळ लागला. दादानं दोरा सैल होऊ दिला नाही. फुटलेला बांबू असाच बांधतात, म्हणाली, आणि तो मग वर्षानुवर्षं वाजतो.

बांधून झाल्यावर तिनं बासरी माझ्याकडे नाही, त्याच्याकडे दिली. "कल बजी थी ना? बजाइए।"

"यहाँ?"

"और कहाँ?"

दादानं ती बशीसारखी दोन्ही हातांत धरली. पहिली फुंकर, नुसता वारा. दुसरी, वारा. एक विमान आलं, गेलं. तिसऱ्या फुंकरीला सूर लागला. खोल, घोगरा, जाड, आणि तो राहिला. मला दोन आठवड्यांत कधी निघाला नव्हता एवढा लांब. टेबलावरची ठकठक खाली थांबली. मी सूर्याकडे बघायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, कारण मला हेवा वाटत होता आणि डोळेही भरून आले होते, दोन्ही एकदम. सूर संपल्यावर दादा खोकला. थोडंसंच. पाणी प्यायला.

"हलतो कसा हा?" त्यानं मला विचारलं. "ती वाजवते तेव्हा सूर. डोलतो न."

मी साचिकोला विचारलं. ती म्हणाली, सूर मानेनं डोलवायचा असतो, पण घाई करू नका. "हमारे यहाँ कहावत है, सिर्फ़ गर्दन हिलाना सीखने में तीन साल लगते हैं।"

याच्यापुढे तीन वर्षांचं बोलायची काय गरज होती? मी घाईघाईनं बोलणं दुसरीकडे वळवायला गेले. दादा मात्र बोटांवर मोजत होता.

"बहात्तर," तो म्हणाला.

"काय बहात्तर?"

"मान हलवता येईल तेव्हा मी बहात्तरचा होईन." त्यानं बासरी पिशवीत घातली, दमट फडकं नीट गुंडाळलं आणि माझ्यावर डाफरला, "मग तू अशी पाहत काय बसली वं? विचार न तिले, शुक्रवारी किती वाजता यायचं!"